आले नाहीत, की येऊन गेले? : पेशींच्या जगण्याचा एक इतिहास

१.

जुन्या हस्तलिखितात एखादी ओवी आढळली नाही, तर ती मुळात रचलीच गेली नव्हती, की रचली जाऊन नंतर केव्हातरी गळाली, हा संहितेच्या अभ्यासकाला नेहमी पडणारा प्रश्न आहे. दोन्ही शक्यतांत पान सारखेच दिसते. फरक असतो तो वाचणाऱ्याच्या गृहीतकात. एक वाचक म्हणतो, 'येथे काही नव्हतेच.' दुसरा म्हणतो, 'येथे काहीतरी होते, ते गेले. ते का गेले याचा शोध घ्या.' दोघांच्या हाती पुरावा एकच असतो. पण त्यावर उभी राहणारी साहित्येतिहासाची इमारत मात्र अगदी वेगवेगळी होते.

विसाव्या शतकात जीवशास्त्रातही असाच एक वाद झाला. तेथे ओवीच्या जागी कोंबडीच्या गर्भातील चेतापेशी होत्या आणि हस्तलिखिताच्या जागी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या. या वादातून पुढे 'वृद्धिघटक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांचा शोध लागला. पेशींनी जगावे की मरावे, विभागून वाढावे की आहे तसे राहावे, हे ठरवणाऱ्या संदेशांचे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. कर्करोगाविषयीची आपली आजची समज आणि त्यावरची कित्येक औषधे याच शास्त्राची देणगी आहेत.

मराठीच्या अध्यापकांनी या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या मते हा इतिहास वाचनाचा, पाठभेदाचा आणि शब्दयोजनेचा इतिहास आहे आणि म्हणून तो आपलाही आहे. शिवाय 'जगणे' ही स्वाभाविक अवस्था आणि 'मरणे' हा अपघात, हे जे आपण सारे गृहीत धरून चालतो, त्याला या इतिहासाने दिलेला धक्का साहित्याच्या विद्यार्थ्यानेही अनुभवावा असा आहे.

२.

कथेची सुरुवात व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्यापासून करावी लागते. १९०० साली जन्मलेले हॅम्बर्गर जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स श्पेमान यांच्या हाताखाली तयार झाले. गर्भाचा एक भाग शेजारच्या भागाला 'तू अमुक हो' असे सांगत असतो, हा श्पेमान यांच्या कार्याचा गाभा होता आणि त्यासाठी त्यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बेडकाच्या आणि सॅलॅमँडरच्या गर्भावर काचेच्या बारीक सुयांनी शस्त्रक्रिया करण्याचे या परंपरेतील कसब कोंबडीच्या गर्भावर वापरून पाहावे, म्हणून हॅम्बर्गर १९३२ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन शिकागोला गेले. वर्षभरात जर्मनीत हिटलरची राजवट आली. १९३३ च्या कायद्याने ज्यू अध्यापकांना विद्यापीठांतून दूर केले गेले आणि हॅम्बर्गरांची फ्रायबुर्गमधील जागा गेली. ते अमेरिकेतच राहिले आणि १९३५ पासून सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवू लागले.

१९३४ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सुमारे तीन दिवसांच्या गर्भातील एका बाजूचा पंखाचा अंकुर त्यांनी काढून टाकला आणि गर्भ वाढू दिला. काही दिवसांनी मज्जारज्जूचे व त्यालगतच्या चेतापेशींच्या पुंजक्यांचे छेद घेऊन पेशी मोजल्या. ज्या बाजूला पंख नव्हता, त्या बाजूला पंखाकडे जाणाऱ्या चेतापेशींची संख्या पुष्कळच कमी भरली. दुसरी बाजू त्याच गर्भात तुलनेला उपलब्ध होतीच. निरीक्षण निर्विवाद होते.

प्रश्न होता तो अन्वयाचा. हॅम्बर्गर श्पेमान-परंपरेतले. एका भागाने दुसऱ्याला घडवावे, ही त्यांची विचार करण्याची रीत होती. त्यांनी असा अर्थ लावला की पंखाच्या अंकुराकडून मज्जारज्जूकडे काही संदेश जातो आणि अजून कोणतेही रूप न घेतलेल्या पेशींना तो चेतापेशी होण्यासाठी जणू भरती करून घेतो. पंखच नाही, म्हणून भरती नाही. भरती नाही, म्हणून संख्या कमी. आमच्या मघाच्या भाषेत सांगायचे तर, ओवी रचलीच गेली नाही.

३.

हा निबंध तूरीन येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जुझेप्पे लेवी यांच्याकडे पोहोचला आणि त्यांनी तो आपल्या विद्यार्थिनीला, रीता लेवी-मोंताल्चिनी यांना वाचायला दिला. आडनावात साम्य असले तरी दोघांचे नाते गुरुशिष्येचे. जुझेप्पे लेवी हे विलक्षण गुरू होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिघांना पुढे नोबेल मिळाले : साल्व्हादोर लुरिया (१९६९), रेनातो दुल्बेको (१९७५) आणि लेवी-मोंताल्चिनी (१९८६). साहित्याच्या वाचकांना हे प्राध्यापक दुसऱ्या एका दाराने भेटलेले असण्याची शक्यता आहे. इटालियन लेखिका नातालिया गिन्झबुर्ग या त्यांच्या कन्या. त्यांच्या 'लेस्सिको फामिल्यारे' (१९६३) या आत्मकथनपर पुस्तकात घरभर ओरडत वावरणारा, मुलांच्या वागण्यावर सतत कडाडणारा जो बाप आहे, तो हाच. घरात वर्षानुवर्षे वापरले गेलेले काही शब्द आणि वाक्ये पांगलेल्या भावंडांना एकमेकांशी बांधून ठेवतात, ही त्या पुस्तकाची मध्यवर्ती जाणीव आहे. पुढील विवेचनात तिची आठवण पुन्हा येईल.

लेवी-मोंताल्चिनी १९०९ साली तूरीनमधल्या ज्यू कुटुंबात जन्मल्या. मुलींनी विद्यापीठात जावे हे वडिलांना मान्य नव्हते. त्यांचे मन वळवून त्या वैद्यकशास्त्र शिकल्या व १९३६ साली पदवीधर झाल्या. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वांशिक कायदे केले आणि गुरू व शिष्या दोघांनाही विद्यापीठाची दारे बंद झाली. बेल्जियममध्ये काही काळ काम करून, जर्मन सैन्य तेथे शिरण्यापूर्वी लेवी-मोंताल्चिनी घरी परतल्या. हॅम्बर्गरांचा निबंध त्यांनी लक्षपूर्वक वाचला तो १९४० च्या उन्हाळ्यात, गुरे वाहून नेण्याच्या डब्यातून चाललेल्या एका प्रवासात, अशी आठवण त्यांनी 'अपूर्णतेची प्रशस्ती' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या आपल्या आत्मचरित्रात (१९८७) दिली आहे.

मग त्यांनी आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया दगडावर घासून त्यांची शस्त्रे केली. घड्याळजीचे चिमटे, एक सूक्ष्मदर्शक आणि अंडी उबवण्यासाठी एक पेटी, एवढे सामान. बेल्जियममधून परतलेले जुझेप्पे लेवी आता शिष्येचे साहाय्यक म्हणून त्या अरुंद खोलीत काम करू लागले. बॉम्बवर्षाव वाढला तेव्हा हे सारे सामान आस्तीजवळच्या डोंगराळ भागातील एका घरात हलले. फलित अंडी मिळवण्यासाठी त्या शेतकऱ्यांकडे जात आणि घरी लहान मुले आहेत, त्यांना अशी अंडी अधिक पौष्टिक, असे सांगत. प्रयोग झाल्यावर उरलेली अंडी घरच्यांच्या जेवणात येत.

अंकुर काढून टाकण्याचा हॅम्बर्गरांचाच प्रयोग त्यांनी पुन्हा केला. पण एक महत्त्वाचा फरक केला. शेवटी एकदाच मोजण्याऐवजी निरनिराळ्या दिवसांचे गर्भ घेऊन, रुप्याच्या क्षारांनी चेतापेशी रंगवून, त्यांनी सगळा क्रम पाहिला. एका पाठावर समाधान न मानता त्यांनी जणू पाठपरंपराच तपासली. तेव्हा असे दिसले की अंकुर काढलेल्या बाजूलाही पेशी नेहमीसारख्या निर्माण होतात, चेतापेशींचे रूप घेतात, आपले तंतू बाहेर पाठवतात, आणि त्यानंतर मरतात. मेलेल्या पेशी इतक्या लवकर साफ केल्या जातात की चार दिवसांनी पाहणाऱ्याला त्यांचा मागमूसही लागत नाही. ओवी रचली गेली होती. ती गळाली होती.

ज्यू लेखकांना इटालियन नियतकालिके बंद होती, म्हणून हा निबंध १९४२ साली बेल्जियममधील एका नियतकालिकात फ्रेंचमध्ये आला. पुढल्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन सैन्याने इटली व्यापली. लेवी-मोंताल्चिनी कुटुंबासह फ्लॉरेन्सला पळाल्या आणि शहर मुक्त होईपर्यंत खोट्या नावाने लपून राहिल्या.

४.

युद्धानंतर हॅम्बर्गरांनी तो फ्रेंच निबंध वाचला. आपल्या निष्कर्षाला छेद देणाऱ्या अनोळखी संशोधिकेला त्यांनी १९४६ साली पत्र पाठवून सेंट लुईसला बोलावले. १९४७ च्या शरद ऋतूत त्या गेल्या, एका सत्रापुरत्या. राहिल्या सुमारे तीस वर्षे. दोघांनी मिळून प्रयोग पुन्हा केला, काचपट्ट्या पुन्हा वाचल्या आणि १९४९ साली संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात तीन शब्द शेजारी आले : विभाजन, रूपधारण आणि ऱ्हास. भरतीची कल्पना मागे पडली. अंकुराकडून जे येते ते पेशींना घडवणारे नसून जगवणारे असावे, असा नवा अन्वय पुढे आला.

त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, कोणतीही शस्त्रक्रिया न केलेल्या, पूर्णपणे निरोगी गर्भातही ठरावीक दिवशी चेतापेशी मोठ्या संख्येने मरताना दिसल्या. गर्भात मरणाऱ्या पेशी यापूर्वी कोणी पाहिल्याच नव्हत्या असे नाही. १९५१ साली आल्फ्रेड ग्लुक्समान यांनी अशा जुन्या नोंदींचा विस्तृत आढावाच घेतला. पण त्या नोंदी तोवर विखुरलेल्या तळटिपांसारख्या पडून होत्या. वाढ म्हणजे भर पडणे, अशी आपली भाषाच असल्यामुळे वाढीच्या वर्णनात वजाबाकीला जागा नव्हती.

५.

आता प्रश्न उरला : जगवणारे ते काय आहे? उत्तर अनपेक्षित दिशेने आले. हॅम्बर्गरांचे एक जुने विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी १९४८ साली पायाच्या अंकुराऐवजी उंदराच्या एका गाठीचा, म्हणजे कर्करोगी ऊतीचा, तुकडा कोंबडीच्या गर्भात रोवला आणि चेतातंतू त्या गाठीत शिरलेले पाहिले. लेवी-मोंताल्चिनींनी हा प्रयोग वाढवला. गाठ गर्भाच्या शरीराबाहेरील आवरणावर ठेवली, गर्भाचा व तिचा संबंध केवळ रक्तापुरता राखला, तरीही गर्भातील चेतातंतू रानटीपणे वाढले. याचा अर्थ, गाठ काहीतरी स्रवत होती.

हे अधिक लवकर तपासता यावे म्हणून त्या १९५२ साली गाठी असलेले दोन उंदीर बरोबर घेऊन रिओ दि जानेरोला गेल्या. तूरीनच्या दिवसांपासूनची त्यांची मैत्रीण हेर्ता मायर तेथे पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या तंत्रात पारंगत होती. द्रवाच्या एका थेंबात चेतापेशींचा पुंजका आणि त्याच्या शेजारी, त्याला न टेकलेला, गाठीचा तुकडा ठेवला की दिवसभरात पुंजक्याभोवती तंतूंचे प्रभामंडल उमटे. देवतांच्या चित्रांत मस्तकामागे असते तसे. ही वार्ता त्यांनी हॅम्बर्गरांना पत्रांतून, शाईने चित्रे काढून कळवली.

प्रभामंडल हाती आल्यावर रसायनाचे काम सुरू झाले. १९५३ साली स्टॅन्ली कोहेन हे तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट लुईसमध्ये त्यांना येऊन मिळाले. तो घटक न्यूक्लिक आम्ल आहे की प्रथिन, हे पाहण्यासाठी कोहेन यांनी न्यूक्लिक आम्लांचा नाश करणारे सर्पविष त्यात मिसळले. पडताळ्यासाठी नुसते विषही एका थेंबात घातले. झाले असे की नुसत्या विषाच्या थेंबात गाठीच्या अर्कापेक्षा कितीतरी दाट प्रभामंडल उमटले. विषातच तो घटक विपुल होता. विष येते सापाच्या लाळग्रंथीसारख्या ग्रंथीतून. तेव्हा सस्तन प्राण्यांतही तेथेच शोध घ्यावा, असा तर्क कोहेन यांनी केला आणि उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत खजिना सापडला. तो घटक प्रथिन ठरला. १९७१ साली त्याच्या साखळीतील ११८ ॲमिनो आम्लांचा क्रम वाचला गेला. त्याचे नाव पडले 'चेतावृद्धिघटक'.

परंतु या शोधाचे खरे प्रमाण १९६० च्या एका निबंधात आहे. या घटकाविरुद्ध तयार केलेला प्रतिरक्तद्रव नवजात उंदरांना टोचला. घटक निष्प्रभ होताच त्या पिलांतील अनुकंपी चेतासंस्थेचे पुंजके जवळजवळ नाहीसे झाले. कोणी त्या पेशींवर वार केला नव्हता. त्यांना रोज मिळत असलेला एक निरोप तेवढा थांबला होता. बाहेरून आणलेल्या घटकाने पेशी वाढवून दाखवणे वेगळे आणि शरीरातला घटक हिरावून घेताच त्या मरतात हे दाखवणे वेगळे. पहिल्यातून घटकाचे सामर्थ्य कळले, दुसऱ्यातून पेशींचे परावलंबन.

त्याच लाळग्रंथीच्या अर्काने कोहेन यांना दुसरा शोध दिला. अर्क टोचलेल्या उंदरांच्या पिलांचे डोळे बाराव्या-चौदाव्या दिवशी उघडण्याऐवजी सातव्या दिवशीच उघडले आणि दातही लवकर आले. डोळ्यांची उघडझाप पाहण्याइतके कुतूहल शाबूत ठेवलेल्या कोहेन यांनी १९६२ साली तो दुसरा घटक वेगळा केला. त्याला पुढे 'अधित्वचा-वृद्धिघटक' म्हटले गेले; तो त्वचेच्या पेशींना विभागण्याचा आदेश देत होता.

६.

येथे शब्दांकडे थोडे थांबून पाहायला हवे. पहिल्या द्रव्याला 'वृद्धिघटक' म्हटले गेले, कारण प्रभामंडलात डोळ्यांना दिसली ती वृद्धी. त्याचे मूळ काम मात्र पेशीला जिवंत ठेवण्याचे. दृश्य परिणामावरून पडलेल्या नावाने अदृश्य कार्य झाकले. पुढे अनेक 'वृद्धिघटक' सापडले आणि 'वृद्धी' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या आज्ञा एकत्र आल्या : जग, आकाराने वाढ, विभाग. जगण्याची परवानगी आणि विभागण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट व्हायला बराच काळ लागला.

मरणालाही नाव हवे होते. १९७२ साली कर, वायली आणि करी या संशोधकांनी पेशींच्या शांत, नीटनेटक्या मृत्यूचे वर्णन केले. आघाताने मरणारी पेशी फुगते, फुटते आणि शेजारी दाह निर्माण करते. ही पेशी मात्र आकसते, स्वतःचे लहान लहान तुकडे करते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. अशा मरणासाठी शब्द सुचवला तो ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी : 'अपॉप्टॉसिस', म्हणजे झाडावरून पाने किंवा फुलावरून पाकळ्या गळून पडणे. जीवशास्त्रातील एका मूलभूत संकल्पनेचे बारसे भाषेच्या अध्यापकाने केले, याची नोंद आपण अभिमानाने घ्यायला हरकत नाही.

मराठीत यासाठी 'पानगळ' हा सुंदर शब्द आयता आहे. मात्र त्याबरोबर 'पिकले पान गळायचेच' हा आपला वाक्प्रचारही मनात येतो आणि तेथे जपून पाऊल टाकावे लागते. गर्भातील ही पानगळ पिकल्या पानांची नाही. नुकतीच फुटलेली, कोवळी, निर्दोष पाने येथे गळतात, आणि ती गळण्याचे कारण त्यांच्यात नसते. पंखातील स्नायूंपर्यंत तंतू पोहोचूनही जगवणारा घटक ज्यांच्या वाट्याला पुरेसा आला नाही, त्या पेशी गळतात. प्रमाणाबाहेर पेशी निर्माण करायच्या आणि घटक मोजकाच ठेवायचा, म्हणजे जितका पंख तितक्याच चेतापेशी उरतील, असा हा हिशेब आहे. शरीराचे माप कोणत्याही आराखड्यावाचून असे आपोआप जुळते.

१९९२ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांनी या विचाराला सर्वव्यापी रूप दिले. त्यांनी मांडले की चेतापेशीच नव्हे, शरीरातील बहुतेक सर्व पेशी जगण्यासाठी इतर पेशींच्या संदेशांवर अवलंबून असतात. मरणाची यंत्रणा प्रत्येकीत सज्ज असते आणि शेजाऱ्यांकडून येणारे निरोप तिला रोखून धरतात. निरोप थांबले की पेशी स्वतःला संपवते. 'जिवंत असणे' ही दर क्षणी नव्याने दिली जाणारी मुभा आहे, असे हे चित्र आहे.

७.

हा निरोप पेशी ऐकते कशी, याचा उलगडा १९८० नंतरच्या दोन दशकांत झाला. वृद्धिघटक सहसा पेशीच्या आत शिरून आज्ञा देत नाही. पेशीच्या आवरणात बसवलेले एक प्रथिन, ज्याला 'ग्राही' म्हणतात, बाहेरच्या टोकाने त्याला धरते. घटकाने दोन ग्राही जवळ आणले की आतल्या बाजूने ते एकमेकांवर फॉस्फेटची खूण उमटवतात. अधित्वचा-वृद्धिघटकाचा ग्राही टायरोसिन या ॲमिनो आम्लावर ही खूण करतो, हे कोहेन व त्यांच्या सहकाऱ्याने १९८० साली दाखवले. त्या खुणा ओळखून आतली प्रथिने गोळा होतात आणि निरोप हातोहात पुढे जातो. त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक वाट रास नावाच्या प्रथिनापासून ईआरके या विकरापर्यंत आणि तेथून केंद्रकात जाते. ती मुख्यतः विभाजनाला चालना देते. दुसरी वाट एकेटी या विकराकडे जाते. एकेटी मरणाची तयारी करणाऱ्या बॅड नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण करून त्याला निष्क्रिय करते, हे १९९७ साली कळले. जगण्याची मुभा म्हणजे रासायनिक भाषेत बहुधा हेच, मारणाऱ्याचा हात धरून ठेवणे.

साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रुचेल असे एक उदाहरण येथे देतो. १९७६ साली उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील गाठीपासून पीसी १२ नावाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्यांना अधित्वचा-वृद्धिघटक दिला तर त्या विभागत राहतात. चेतावृद्धिघटक दिला तर विभाजन थांबवून, तंतू काढून चेतापेशींचे रूप घेतात. दोन विरुद्ध परिणाम. पण आतली वाट बव्हंशी एकच, तीच रास ते ईआरके. मग फरक कशाने पडतो? पहिल्या घटकाने ईआरके क्षणभर जागते आणि लगेच मावळते. दुसऱ्याने ती काही तास जागी राहते. शब्द तेच, पण उच्चार किती काळ टिकला यावर अर्थ बदलला. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला पेशींचे हे व्याकरण परके वाटू नये.

निरोपाच्या या व्यवस्थेत फितुरी झाली की कर्करोग होतो. १९८३ साली असे आढळले की माकडात गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूतील जनुक, रक्तबिंबिकांतील एका वृद्धिघटकाच्या जनुकाशी जवळजवळ जुळते. पेशी स्वतःच स्वतःला निरोप पाठवत होती. १९८४ साली दिसले की कोंबड्यांच्या एका कर्करोग-विषाणूतील जनुक म्हणजे अधित्वचा-वृद्धिघटकाचाच, बाहेरचे टोक कापलेला ग्राही होय. ज्याला ऐकण्याचा कान नाही, पण जो आत 'वाढ, वाढ' असे अखंड सांगत राहतो, असा. शरीर अशा फितुरीवर लक्षही ठेवते. मिक नावाचे जनुक पेशीला विभागण्याकडे ढकलते. पण जगवणारे घटक नसतील तर तेच तिला मृत्यूकडे नेते, हे १९९२ साली दिसून आले. म्हणून गाठ वाढायची तर पेशीला दोन्ही परवानग्या लाटाव्या लागतात. स्तनाच्या काही कर्करोगांवरील ट्रास्टुझुमॅब (१९९८) आणि एका प्रकारच्या रक्तकर्करोगावरील इमॅटिनिब (२००१) ही औषधे या खोट्या निरोपांचीच वाट अडवतात.

८.

१९८६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक वृद्धिघटकांच्या शोधासाठी लेवी-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना मिळाले. नियमाप्रमाणे तिघांना देता आले असते. हॅम्बर्गरांचे नाव त्यात नव्हते, आणि त्या क्षेत्रातील अनेकांना ते खटकले. दोन्ही बाजूंनी बोलता येते. घटक शोधला, शुद्ध केला तो या दोघांनी, हे खरे. पण ज्या प्रश्नाचे तो घटक उत्तर आहे, तो प्रश्न कोणाचा? ज्या मोजणीवर शिष्योत्तमेने नवा अन्वय उभारला, ती मोजणी कोणाची? शोधाला पारितोषिक असते, चांगल्या चुकीला नसते. १९३४ चा अन्वय चुकला, पण आकडे इतके काटेकोर होते की ते दुसऱ्याला त्याच आधारावर वेगळे वाचता आले. आणि स्वतःचा अन्वय मोडणारीला समुद्रापलीकडून बोलावून घेण्याची वृत्ती विद्येच्या क्षेत्रात किती दुर्मीळ आहे, हे आपल्या क्षेत्रातील पाठभेदांचे आणि मतभेदांचे वाद आठवले तरी पुरे.

एका मोहाविषयी मात्र सावध राहायला हवे. देशातून वा विद्यापीठातून हाकललेली माणसे, खोट्या नावाने लपलेली संशोधिका, आणि निरोपाअभावी मरणाऱ्या पेशी ही समांतर रचना लेखकाच्या हाती आयतीच येते. आम्हालाही ती मोहवते. परंतु पेशींची पानगळ हा शरीराच्या घडणीचा भाग आहे. माणसांना घडवून आणलेले मरण हा गुन्हा आहे. जुझेप्पे लेवींचे जावई आणि नातालियांचे पती लिओने गिन्झबुर्ग १९४४ साली रोममधील तुरुंगात छळाने मरण पावले. त्या मरणाला निसर्गाची उपमा देणे म्हणजे मारणाऱ्यांना मोकळे सोडणे होय. 'समाजाच्या आरोग्यासाठी काहींनी गळून पडावे' असे म्हणणाऱ्यांनी जीवशास्त्राचा कसा वापर केला, हे त्याच दशकाने पाहिले आहे.

उपमा घ्यायचीच तर दुसऱ्या टोकाकडून घ्यावी. गिन्झबुर्ग यांच्या पुस्तकातील भावंडे घरच्या जुन्या शब्दांनी एकमेकांना ओळखतात, आणि तेवढ्यावर ते घर मोडल्यानंतरही कोठेतरी टिकून राहते. एकमेकांनी एकमेकांना सतत काही सांगत राहणे, हे जगण्याचे अलंकरण नसून त्याची अट आहे, एवढे तरी दोन्हीकडे खरे आहे.

हॅम्बर्गर २००१ साली, शंभरी ओलांडून वारले. लेवी-मोंताल्चिनी २०१२ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी. कोहेन २०२० साली. आम्हाला या इतिहासात सर्वांत लक्षात राहतात ती हॅम्बर्गरांच्या वार्धक्यातील दोन कामे. १९७५ साली, पंचाहत्तरीत, त्यांनी पुन्हा कोंबडीचे गर्भ घेतले आणि पायाकडे जाणाऱ्या चेतापेशींची दिवसागणिक मोजदाद केली. कोणीही न छेडलेल्या गर्भात सुमारे ४० टक्के पेशी ठरल्या दिवसांत गळतात, हे आकड्यांनी सिद्ध केले. १९८१ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांसह पाठीच्या पुंजक्यांवर काम करून दाखवले की त्या गळतीच्या दिवसांत गर्भाला बाहेरून चेतावृद्धिघटक दिला, तर मरायच्या पेशींपैकी पुष्कळशा वाचतात. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी 'येथे कोणी आलेच नाही' असे लिहिले होते, तेथे कोण आले होते, किती आले होते आणि काय मिळाले असते तर ते राहिले असते, हे सारे त्यांनी स्वतःच्या हाताने मोजून लिहून ठेवले.